तिसरी नळी

माझा स्वभाव मुळातच खट. एखादी गोष्ट पटली नाही तर देवानं येऊन सांगितली तरी मी मान हलवायची नाही. आमच्या कळंब गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पीएच.डी.च्या शेवटच्या हिवाळ्यात ते माझ्या गाइडला, आमच्या सरांनाही कळलं.

माझं काम कोबीवर होतं, तोही आमच्याच शेतातला. भात निघालं की आई कोबी लावते आणि रिसॉर्टवाले मंच्युरियनसाठी तो पोत्यानं उचलतात. मला मंच्युरियनशी काही घेणं नव्हतं. कोबीच्या पानात एक एन्झाइम असतं. एरवी ते पेशीच्या रसात मोकळं फिरतं. पान फाटलं, किड्यानं कुरतडलं, की पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि त्या कॅल्शियमच्या आधारानं हे एन्झाइम पेशीच्या पातळ आवरणावर जाऊन बसतं. ते आवरण मेदाचं असतं. एन्झाइम बसलं की त्या मेदाचे तुकडे पाडायला लागतं आणि झाडाला इजा झाल्याचं समजतं. कॅल्शियम नसेल तर ते बसत नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. आमच्या कोबीत ते नीट दाखवायचं, एवढाच माझा हट्ट.

दाखवायची रीत सोपी आहे. पान वाटताना त्यात कॅल्शियम धरून ठेवणारा एक क्षार घालायचा, म्हणजे पानातलं कॅल्शियम मध्ये लुडबुड करत नाही. मग तीन नळ्या. पहिलीत नुसतं एन्झाइम, दुसरीत एन्झाइम, मेद आणि वरून घातलेलं कॅल्शियम, तिसरीत एन्झाइम आणि मेद, कॅल्शियम नाही. यंत्रात गरगर फिरवलं की मेदाचा साका तळाला बसतो. मेदाला जे चिकटलं ते साक्यात जातं, जे नाही चिकटलं ते वरच्या निवळ पाण्यात राहतं. तिसऱ्या नळीतलं एन्झाइम वर राहायला हवं होतं. माझं दर वेळी साक्यात सापडत होतं.

मी खालापूरकडच्या एका कॉलेजात कंत्राटावर शिकवत होते, तिथल्याच लॅबमध्ये हे कामही चालायचं. उन्हाळ्याच्या सुटीनंतर कॉलेज उघडायच्या आत प्रबंध गेला तर कायम होणार, नाही तर जागा दुसऱ्याला. आणि कोबीचा हंगाम संपत आला होता.

सर मात्र खूश झाले. म्हणाले, हे तर नवीनच निघालं, आपल्या कोबीतलं एन्झाइम कॅल्शियमशिवाय बसतं असं लिही आणि मोकळी हो. मी म्हटलं, मला नाही पटत. नळी खोटं बोलते का, त्यांनी विचारलं. नळी नाही बोलत, पण मी त्यात काहीतरी घालतेय आणि मलाच ते माहीत नाही, मी म्हटलं. सरांनी हात जोडले. जागा हातची जाईल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला ते त्यांच्याआधी कळत होतं. तरी लिहायला हात उठेना.

मग मी तो धरून ठेवणारा क्षार दुप्पट घातला. एन्झाइमनं मेद सोडला आणि गुमान वर आलं. म्हणजे कुठून तरी कॅल्शियम येत होतं, आणि पानात एरवी असतं त्याहून बरंच जास्त. आता मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. लॅबमधले म्हणाले, रसायनीच्या कारखान्यांचं पाणी. आमच्याकडे काही बिघडलं की रसायनीवर ढकलायचं ही पद्धतच आहे, पण आमच्या नळाला तिकडचं पाणी येतच नाही. लॅबच्या शुद्ध पाण्यावर विश्वास राहिला नाही म्हणून कुंभिवलीला हायवेवरच्या गॅरेजातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. नळ्या बदलल्या, क्षारांच्या नव्या बाटल्या फोडल्या. तिसरी नळी तश्शीच.

पानांचं गाठोडं सकाळी आई बांधून ठेवायची. आतली कोवळी पानं सुटी करून ओल्या फडक्यात गुंडाळलेली, डब्याशेजारी. मी उचलायचे आणि सहा आसनी रिक्षा पकडायला पळायचे. एके दिवशी कॉलेजात परीक्षा होती म्हणून लवकर उठले आणि मागच्या दारी गेले. आई घमेल्यापुढे बसली होती. घमेल्याच्या तळाला पांढरा गाळ, वर नितळ पाणी, आणि त्यात माझी पानं.

चुन्याची निवळी. बाजारात न्यायच्या पालेभाजीवर आई ती शिंपडते, त्यानं पान दुपारपर्यंत करकरीत राहतं असं ती म्हणते. हंगामाच्या सुरुवातीला मी कुरकुर केली होती की लॅबमध्ये पोचेपर्यंत पानं मऊ पडतात. तेव्हापासून ती माझी पानं निवळीत भिजत घालत होती, देठाच्या कापातून पाणी आत मुरेपर्यंत. आणि चुना म्हणजे कॅल्शियमच की. लॅबमध्ये मी पानं वरून कितीही धुतली तरी काय उपयोग!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी सांगितलं होतं, माझ्या वर्षाची माती केलीस, असं तोंडाला येईल ते बोलले. आईनं घमेलं अळवाच्या मुळाशी ओतलं आणि हात धुतले.

"मला काय ठावं गं," ती म्हणाली. "तुजं पान ताजं राह्यावं म्हनून केलं."

त्यानंतर तिनं गाठोड्याला हात लावला नाही. मी स्वतः पानं कापली, कोरडीच नेली. तिसऱ्या नळीतलं एन्झाइम वर राहिलं. सर म्हणाले, झालं एकदाचं, आता लिहून टाक. मी म्हटलं, झालेलं नाही. आधीच्या सगळ्या नळ्या का फसल्या हे दाखवल्याशिवाय मी सुटत नाही. घोळ चुन्यानंच झाला हा अजून माझा नुसता अंदाज होता. एकाच वाफ्यातले दोन गड्डे हवे होते, एक कोरडा, एक निवळीतला. मी स्वतः निवळी करून पाहिली तर गाळ ढवळला गेला आणि पानं पिवळी पडली. माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. साक्यात काय बसतं आणि वर काय राहतं ते सांगून मी आईकडे निवळीतला गड्डा मागितला.

"नाय बाय," ती म्हणाली. "माज्या चुकीचं दुकान मांडतेस का लोकांफुडं?"

मी म्हटलं, "तू केलंस तस्संच पायजे, आई. तुज्याशिवाय कुनाला जमत नाय."

तिनं हातातली वालाची शेंग सोलली. मग विचारलं, नोकरी याच्यावर हाय का? मी म्हटलं, हाय. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि चुन्याची डबी उतरवली.

संध्याकाळी मी लॅबमधून परत आले तेव्हा ती चुलीपाशी होती. माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, "माजा गड्डा बसला का?"

"बसला. साक्यात."

"आनी तुजा?"

"वर राह्यला."

"मग लिव तसं," ती म्हणाली. "चूक माजी होती, तेबी लिव."

चूक हा शब्द मी लिहिला नाही. पानं कशी तयार केली हे जिथं सांगतात तिथं लिहिलं, की ही पानं माझ्या आईनं चुन्याच्या निवळीत भिजवली. प्रबंधात आई कशाला, म्हणून सरांनी ती ओळ खोडली. मी परत लिहिली. त्यांनी परत खोडली, मी परत लिहिली. शेवटी सरांनीच हात टेकले. प्रबंध मुदतीत गेला, त्या ओळीसकट.