माझ्या पायाखालचा ब्रेक

मी गेली सत्तावीस वर्षं नाशकात लोकांना गाडी चालवायला शिकवतो. माझ्या शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूला, माझ्या पायाशी, आणखी एक ब्रेक आहे. समोर म्हैस आली, द्वारकेच्या चौकात चारी बाजूंनी रिक्षा घुसल्या, की माझा उजवा पाय आपसूक खाली जातो. या पायाचा मला फार अभिमान होता. ब्रेक मी इतका हलका दाबायचो की शिकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. गाडी थांबायची, तो घाम पुसायचा आणि मी म्हणायचो, "शाब्बास!"

शिकणाऱ्याचा धीर खचू नये, एवढाच हेतू. धंदाही त्यावरच चालायचा, हेही खरं. तसा मी स्वभावानं तिरसट. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला खिडकीतून डोकं काढून शिव्या घालणारा. पण शिकणाऱ्यावर कधी आवाज चढवला नाही. आवाजाचं काम पायानं केलं.

माझा भाचा असाच माझ्या हाताखाली शिकला. थोरल्या बहिणीचा, आमच्या आक्काचा, एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा. तिची निफाडला द्राक्षबाग. पोरगा कॉलेजसाठी माझ्याकडे राहायचा. बोलायला गोड, पोह्यांतली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावणारा. त्याच्यावर माझा जीव होता, आणि जिथं जीव असतो तिथं पाय जरा जास्तच तयारीत असतो.

दाजींचा फोन आला, "मामा, यंदा माल चांगला गेला. पोराला गाडी घ्यायचीय, दसऱ्याच्या मुहूर्तावर. तवर त्याचा हात बसवा."

मी म्हणालो, "दाजी, वर्षभर तुमची जुनी गाडी चालवू द्या की."

"जुनी? लोक काय म्हणतील?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पण मी तरी कुठं जोर लावला? गाडी ठरली ती साधीसुधी नव्हती. शोरूममधला माणूस शून्यावरून शंभरावर ती किती सेकंदांत जाते हे पुन्हा पुन्हा सांगत होता. शंभरावरून शून्यावर यायला तिला किती वेळ लागतो, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि तेच तर माझं काम.

भाचा परवान्याची चाचणी पहिल्याच फेरीत पास झाला. तिथं कुणी गाठोडं घेऊन आडवं येत नाही.

दसऱ्याला सकाळी गाडी ताब्यात आली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चारी चाकांखाली चार लिंबं. आक्कानं गाडीला ओवाळलं, मग लेकाला ओवाळलं. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मोटरसायकल, नव्या गाडीची पहिली फेरी वणीच्या देवीला. दाजी आणि आक्का मागून जुन्या गाडीत निघाले. नव्या गाडीत भाचा आणि शेजारी मी, मांडीवर नारळ आणि फुलांची पिशवी.

दिंडोरी मागं पडली. रस्ता मोकळा झाला. भाचा म्हणाला, "मामा, एकदा बघू का?"

"बघ. पण जपून," मी म्हणालो.

हे दोन शब्द एकत्र बोलता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीनं अशी उसळी घेतली की माझी पाठ सीटला चिकटली. खोटं कशाला बोलू, मलाही गंमत वाटली. सत्तावीस वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये फिरलेला माणूस मी.

पुढं रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली होती. सुरगाण्याकडचे मजूर, बागांच्या छाटणीला निघालेले. काही उतरून पाय मोकळे करत होते. जीपच्या मागून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन रस्त्यावर आली. माझी नजर तिच्यावर आधी गेली. माझा उजवा पाय होती नव्हती तेवढी ताकद लावून खाली गेला.

पायाखाली ब्रेक नव्हता. शोरूमचं प्लास्टिक न काढलेलं मॅट होतं.

आणि त्या क्षणी भाच्यानं समोर पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नंतर त्याचा पाय ब्रेकवर गेला, पण फार उशिरा.

बाई वाचली. एक पाय दोन ठिकाणी मोडला होता. भाचा उतरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो. तिला मागच्या सीटवर घेतलं, तिचा नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि झेंडूच्या हारासकट गाडी सरकारी दवाखान्यात नेली. वाटेत बाई कण्हताना गाठोड्याचं विचारत होती. गाठोडं रस्त्यातच राहिलं होतं.

दवाखान्याच्या आवारात दाजींनी मला बाजूला घेतलं. "मामा, इथं लोकांनी तुम्हालाच गाडीतून उतरताना पाह्यलं. तुम्हीच चालवत होते म्हणा."

"आणि ते मजूर?"

"त्यांना काय दिसलं आसंल एवढ्या घाईत? तुमचा एवढ्या वर्षांचा परवाना, एक डाग नाय त्याच्यावर. तुम्हाला काय व्हनार नाय. पोराचं समदं आयुष्य पडलंय पुढं."

आक्कानं माझे दोन्ही हात धरले. "भाऊ, मी आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही."

ते खरं होतं. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. मी मान डोलावली. कुणी मला धमकावलं नव्हतं की भुलवलं नव्हतं. मनापासून, प्रेमानं डोलावली, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

ठाण्यात हवालदारानं कागद पुढं ओढला आणि विचारलं, "गाडीवर कोण होतं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. आक्कानं पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या पोटरीत कळ आली. माझा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर रुतून बसला होता, टाच उचललेली, चवडा दाबलेला. सत्तावीस वर्षांची सवय. समोर कुणी नव्हतं, तरी तो भाच्याच्या वाटचा ब्रेक दाबत होता.

मी पाय ओढून खुर्चीखाली घेतला आणि तोंड मिटलं.

"मामा, सांगा ना," दाजी म्हणाले.

भाचा माझ्याकडे पाहत होता, रस्त्यावर पाहिलं होतं तसाच. गाडी आपोआप थांबेल याची वाट बघत. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. त्याला छातीशी धरावं आणि ओरडावं, लेकरा, माझ्याकडे बघू नकोस. मी तेही केलं नाही. मान खाली घालून बसून राहिलो.

"मी होतो," भाचा म्हणाला.

"मोठ्यानं बोल."

"मी चालवत होतो." या वेळी तो हवालदाराकडे बघून बोलला.

केस उभी राहिली, अजून चालू आहे. बाईच्या पायात सळई घातली आहे. दवाखान्याचं सगळं दाजींनी केलं, त्यात ते मागे हटले नाहीत. डॉक्टर म्हणतात, ती चालेल. पण तिचं शेत डोंगराच्या उतारावर आहे, आणि उतारावर नागली लावायला वर्षानुवर्षं तीच पुढं असायची, असं तिचा नवरा मला सांगत होता. त्याच्यापुढं बसून मी नुसता हं हं करत होतो. "बघ" म्हणणारा मीच होतो, हे त्याला सांगायला मला दोनदा जावं लागलं.

आक्का माझ्याशी बोलायची थांबली. भाऊबीजेला तिचा फोन आला नाही. जन्मात पहिल्यांदा. मी वेड्यासारखा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसलो होतो. दुपारी भाचा आला, निफाडहून एसटीनं. आत ये म्हटलं तर आला नाही. फाटकाशी माझी शिकवणीची गाडी उभी होती, तिच्या डाव्या दाराच्या काचेतून तो खाली वाकून बघत राहिला.

"मामा, एक विचारू? शिकताना द्वारकेला गाडी कोण थांबवायचं?"

"तूच की रे," हे माझ्या जिभेवर तयार होतं. त्याच्याच काय, सगळ्यांच्याच वाट्याचं ते उत्तर माझ्याकडे तयार असतं.

"मी," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"जवळजवळ दर वेळी."

त्यानं काचेतून पुन्हा त्या दुसऱ्या ब्रेककडे पाहिलं.

"मला वाटायचं, मीच थांबवतो," तो म्हणाला.