चाराच्या झाडाचे डोळे

इंझोरीच्या शिवारात दौलतरावाच्या वावराला लागून एक नाला होता आणि नाल्याच्या काठावर चाराचं एक जुनं झाड. झाडाची अर्धी सावली वावरातल्या कपाशीच्या पराटीवर पडायची, अर्धी नाल्यात. चारं पिकून काळी झाली की गोड लागत आणि आतली बी फोडली की चारोळी मिळे.

दौलतरावाची बायको गोजराबाई माहेरची शिरपूरची. एकोणीसशे तीसच्या पुढेमागे ती लग्न होऊन आली, तेव्हा सासरी तिचं मन रमत नव्हतं. दुपारी निंदण थांबलं की ती झाडाखाली आडवी होई. उन्हाचे कवडसे अंगावरून सरकत, पापण्या जड होत, आणि धड झोप नाही धड जाग नाही अशा त्या गुंगीत तिला माहेरचा ओटा दिसे, आईचा आवाज येई.

एका चैत्रात झाड हिरव्या चारांनी लदबदलं होतं. अशीच पडली असताना तिच्या लुगड्यावर काहीतरी बारीक टपटपलं. तिनं चिमटीत धरून पाहिलं. पानाच्या बेचक्यात असतात ते मिटलेले डोळे होते, पुढल्या साली मोहोर यायचा ते. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. एवढ्या भरल्या झाडानं आपलेच डोळे काहून गाळावे, या विचारात ती पुन्हा गुंगली.

दुसऱ्या साली झाडाला मोहोर आलाच नाही. दौलतराव वैतागला. "एक साल फळते, एक साल निसतं उभं राह्यते. वरून माह्या पराटीवर सावली. तोडूनच टाकतो त्याले!"

"थांबा न अवो," गोजराबाई म्हणाली. "पुढल्या साली पाहू."

पुढल्या साली झाड पुन्हा वाकलं. पण चारं हिरवी असतानाच नाल्याकडच्या फांदीवर वानरं उतरली आणि त्या फांदीवरची चारं त्यांनी साफ खाऊन टाकली. गोजराबाईच्या कडेवर तेव्हा लेक होती. तिला पाजत ती झाडाखाली बसे. वावराकडच्या फांद्यांखाली गळलेल्या डोळ्यांचा सडा पडे, वानरांच्या फांदीखाली मात्र भुई कोरी. एकदा लेक चुटूचुटू पीत होती आणि बसल्याजागी गोजराबाईला वाटलं, झाडही वर कुणालातरी पाजत बसलं आहे. त्याचा सगळा जीव बियांत चालला आहे.

साल उलटलं. दौलतराव कुऱ्हाड घेऊन आला आणि झाडाखाली थबकला. सगळं झाड मुकं होतं, फक्त नाल्याकडची फांदी मोहोरानं पांढुरकी झाली होती.

"हे काय इपरीत?"

"वानरायनं खाल्ली थेच फांदी हाये. पोर अंगावर पेत असलं का माय दुसऱ्या पोराले कुठून पुरन? हिचं दूध लवकर सुटलं, म्हनून हिचे डोळे टिकले."

"वानरं का मोहोर पेरते, गोजरे?" तो हसला, पण त्यानं कुऱ्हाड काही उचलली नाही.

पुढचा हंगाम भराचा. गोजराबाईनं पदर खोचला, काठी घेतली आणि अर्ध्या झाडाची मुगाएवढी हिरवी चारं झोडपून खाली पाडली. बाजारातली जुबेदा दरसाल तिच्याकडून चारोळी न्यायची. ती बांधावर आली आणि डोक्यालाच हात लावून उभी राहिली. "या अल्ला! गोजरा, हे काय करून राह्यली?"

"अर्ध्या झाडाले निजू देऊन राह्यली."

गावात बरंच हसू झालं. त्या साली चारोळीही निम्मीच निघाली. स्वप्नात गोजराबाईला झाड दिसे, सगळे डोळे मिटलेलं, आणि ते कधी उघडतील हे तिला कुणी सांगत नसे.

माघात एका सकाळी दौलतरावच धावत घरी आला. "चाल, चाल लवकर!" झोडपलेली बाजू शेंड्यापर्यंत फुलली होती. तो वर बघत म्हणाला, "तुह्या ध्यानात कसं आलं वं हे?"

"पडून होती नं खाली," ती म्हणाली.

तेव्हापासून झाड कधी पूर्ण भरलं नाही आणि कधी रिकामंही राहिलं नाही. झाडाला जागा म्हणून पराटीची एक ओळ दौलतरावानं स्वतःहून मागे घेतली. हिरवी चारं पाडायची वेळ आली की काठी घेऊन तोच चढायचा आणि वरून ओरडायचा, "औंदा कोनत्या बाजूले निजवायचं?"

गोजराबाई खालून झाडाकडे बघत राही. मग हात वर करून एक बाजू दाखवी.