पोपटरावांनी खोडलेली ओळ

पोपटराव ओव्हाळ कुठलाही फॉर्म मोठ्यानं वाचल्याशिवाय सही करत नाहीत. आमच्या बिबवेवाडीच्या ऑफिसात याची थट्टा होते. "आज कीर्तन का?" असं कुणीतरी विचारतंच. पोपटराव चष्मा पुसत म्हणतात, "हो. टाळ्या शेवटी."

आमची कंपनी जुन्या कॉम्प्युटरांमधले सर्किट बोर्ड गोळा करते, त्यांचा चुरा करते आणि धातू काढण्यासाठी तो परदेशातल्या एका कारखान्याकडे पाठवते. कायद्याच्या लेखी हा घातक कचरा. तो देशाबाहेर न्यायचा तर पोचायच्या देशाची लेखी संमती लागते आणि वाटेत ज्या देशाच्या बंदरात तो उतरतो, त्या देशाचीही. फॉर्मच्या तळाशी निवेदन असतं : वरील माहिती खरी आहे, सर्व संमती मिळालेल्या आहेत, असे मी जाहीर करतो. हा 'मी' म्हणजे गेली सात वर्षं पोपटराव. फॉर्म मी भरतो, सही ते करतात.

आधीच्या नोकरीत ते वजनकाट्यावर कारकून होते. भावाच्या लग्नाला जाताना मागं काम अडू नये म्हणून त्यांनी वजनाच्या कोऱ्या पावत्यांचं अख्खं पुस्तक सह्या करून ठेवलं होतं. त्या चार दिवसांत काट्यावरून काय काय गेलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण प्रत्येक पावतीवर त्यांचंच नाव होतं. पुढं चौकशीत ते सुटले. "सुटलो खरा," ते सांगतात, "पण साहेबांनी विचारलं, सही तुमचीच ना? आणि मला हो म्हणावं लागलं."

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी मी त्यांच्यापुढं फॉर्म ठेवला. कंटेनर भरून, सील लावून गोदामात उभा होता. कागद संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. पोपटरावांनी शेजारी जहाजाच्या बुकिंगचं पत्र उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. सातव्या रकान्याशी थांबले.

"श्यामराव, वाटेतला देश श्रीलंका लिहिलाय."

"नेहमीचाच आहे."

"जहाज नेहमीचं नाही. हे सिंगापूरला माल उतरवतंय."

मी पत्र पाहिलं. एजंटानं यंदा दुसरं जहाज दिलं होतं. सिंगापूरची संमती आम्ही कधी मागितलीच नव्हती. ते पत्र मीच भोकं पाडून फाइलला लावलं होतं. फॉर्म मात्र मागच्या खेपेचा समोर ठेवून उतरवला होता. नंबर, वजन, तारीख तेवढी बदलली होती. आम्हा कॉमर्सच्या माणसांना मागचं पान पुढं ओढायची सवय असते. खतावणीत ती चालते.

मालकांचे चिरंजीव आमोद हल्ली सगळं पाहतात. ते आले.

"काका, प्रॉब्लेम काय आहे? माल तिथं फक्त एका शिपवरून दुसऱ्या शिपवर जाणार. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना, साहेब," पोपटराव म्हणाले.

एजंटाला फोन लावला. श्रीलंकेवरून जाणारं जहाज बारा दिवसांनी होतं.

"बारा दिवस! तिकडे कमिट केलंय मी."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "फॉर्म मी भरलाय."

"चूक तुमची असेल, पण उशीर यांच्यामुळे होतोय."

"उशीर माझ्यामुळेच," पोपटराव म्हणाले. "लिहून देऊ?"

आमोद हसले नाहीत. पोपटराव साठी उलटलेले. त्यांची नोकरी वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर चालते. यंदाची मुदत मार्चअखेर संपत होती. उशिरा झालेला मुलगा, प्रज्ञेश, कर्वेनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला जाणार होता. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका, तुमचा मार्चचा कागद माझ्या टेबलावर आहे. लक्षात आहे ना?"

"आहे ना. घरी रोज विचारतात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म सही न करता माझ्याकडं सरकवला. आमोद आत गेले. थोड्या वेळानं आतून फोनवर इंग्रजीत दिलगिरी व्यक्त केल्याचं ऐकू आलं. त्या दिवशी चहाला पोपटराव माझ्याशी प्रज्ञेशच्या परीक्षेबद्दल बोलले, फॉर्मबद्दल एक शब्द नाही. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बारा दिवसांनी माल गेला. त्या फॉर्मवर त्यांनी सही केली.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मुदतवाढीचा कागद आला. दर वेळी एक वर्ष मिळे, या वेळी सहा महिने. आमोद स्वतः घेऊन आले होते. त्यांनाही ते जड जात असावं.

"काका, इथं सही करा."

पोपटरावांनी वाचलं. "यात 'मी स्वेच्छेने सहा महिन्यांची मुदत मागितली आहे' असं आहे. मी अर्ज वर्षाचा केला होता."

"तो स्टॅंडर्ड फॉर्मॅट आहे हो."

"असेल."

त्यांनी ती ओळ पट्टी लावून सरळ खोडली, खोडल्याच्या टोकाला आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली.

"सहा महिने मला कबूल आहेत, साहेब," ते कागद परत देत म्हणाले. "मागितले मात्र नव्हते."

आमोद त्या खोडलेल्या ओळीकडं बघत उभे राहिले. मग माझ्या टेबलावरचं पेन उचलून त्यांनी शेजारी आपलीही आद्याक्षरं घातली.