देवाचा उजवा, काकांचा डावा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी एकही निर्णय घेतला नव्हता. कॉलेजची शाखा वडिलांनी निवडली, बायको आईने निवडली (बायकोचं म्हणणं, तिने मला निवडलं, तेही खरं असेल), आणि आमच्या बोरिवलीच्या फ्लॅटच्या भिंतींना जो शेवाळी रंग आहे तो रंगाऱ्याने आधीच्या कामात उरलेल्या डब्यावरून ठरवला. कुणाची काही तक्रार नव्हती. माझी तर नव्हतीच.

अशा माणसाला त्याच्या कंपनीने एका सोमवारी विचारलं, की अंधेरीचं ऑफिस सोडून सिंगापूरला येतोस का? शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.

तोवर माझ्या लेखी बोरिवलीहून महाग म्हणजे अंधेरी. मृणालने, म्हणजे बायकोने, सिंगापुरातल्या दोन खोल्यांचं भाडं फोनवर पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे वर्षाचं असेल ना रे?"

"महिन्याचं."

"मग पगारवाढ नक्की कोणाला मिळतेय? तुला की घरमालकाला?"

पण गोष्ट भाड्याची नव्हती. दहा वर्षं मी एकाच टेबलाशी बसत होतो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता मला 'थोडं लवकर करा ना सर' म्हणत होती. ही संधी गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला चांगलं कळत होतं. आणि दुसऱ्या बाजूला आई होती. वय चौऱ्याहत्तर. ती यायला तयार नव्हती.

"इथे खाली उतरले की चार जणी विचारतात, गुडघा कसा आहे? तिथे माझ्या गुडघ्याला कोण ओळखतं? तुम्ही जा. मी मजेत राहीन." हे ती इतक्या पटकन बोलली की मला तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

सकाळी दात घासताना मी जायचं म्हणायचो, रात्रीच्या जेवणापर्यंत राहायचं. शेवटी मृणाल म्हणाली, "मिलिंद, मी दोन्हीला तयार आहे. तू फक्त एक काय ते बोल." माझ्यासारख्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही.

गुरुवारी आईने तोडगा काढला. "गावच्या देवाला कौल लावू या."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाच्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने देवाला प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. उजवी-डावी देवाची, आपली नव्हे. एरवी मी बाहेर काढलेल्या चपलांवर एक डोळा ठेवून हात जोडणारा माणूस. पण त्या दिवशी मी इतक्या तत्परतेने 'चालेल' म्हणालो की आईलाच शंका आली.

गावी बाबल काका असतात, वडिलांचे धाकटे भाऊ. आईने त्यांना फोन करून प्रश्न सांगितला, शुक्रवारी दुपारी पूजा झाल्यावर व्हिडिओ कॉल करायचं ठरलं. मी रजा टाकली.

दीडच्या सुमाराला कॉल आला. पडद्यावर काकांचा चेहरा, चेहऱ्याच्या वर नवीन टोपी, आणि कानाच्या मागे जी जागा उरली तिथे देव.

"काका, कॅमेरा फिरवा. फक्त देव दाखवा."

"मगे मी कसो दिसतलंय तुमका?" काका म्हणाले. ते देवाकडे पाठ करून, सेल्फी काढतात तसा फोन धरून उभे होते. फोन फिरवताना तो मागे एकदा विहिरीत पडलेला, त्यामुळे फार आग्रह केला नाही.

गुरवाने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज मुंबैसून ह्या लेकराच्या आवशीन जो सवाल धाडलो हा, त्येचा उत्तर होय असात तर उजवो दी, नाय असात तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं बोरिवलीत हॉलमध्ये उभे राहून ओरडलो.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक पाकळी सुटली. आमच्या पडद्यावर डाव्या हाताला, म्हणजे समोर तोंड करून बसलेल्या देवाच्या उजव्या अंगाची.

"उजवा!" मृणाल म्हणाली.

"डावो पडलो रे!" तिकडून काका.

"काका, उजवा पडला. आम्ही पाहिला."

"मिया माझ्या डोळ्यान बघलंय!"

गुरवाला विचारावं तर तो डोळे उघडेपर्यंत दुसरीही पाकळी पडली होती आणि देवळातल्या पंख्याने दोन्ही खांबापाशी नेल्या होत्या. पुन्हा लावू म्हटलं तर काका खवळले. एकदा दिलेला कौल परत मागितला तर देव रागावतो.

मग माझ्या लक्षात आलं. काकांनी देव डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, पाठ करून फोनमध्ये पाहिला होता. आणि सेल्फीत स्वतःला दिसतं ते आरशासारखं, उलटं. समोरच्याला सरळ दिसतं. हे मी काकांना समजावलं. काका म्हणाले, "देव काय मोबाईल बघून कौल देता?"

आता आईला पुरावा हवा झाला. तिने मला पाटावर उभं केलं, दोन खांद्यांना दोन टिकल्या लावल्या. "पोट आत घे. देव असा नसतो." मृणाल माझ्याकडे पाठ करून काका झाली. आई स्वतःचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, ती बोरिवली झाली. उजवी टिकली गळून पडावी म्हणून मी खांदा हलवत राहिलो. पडली ती डावी. मग सगळं पहिल्यापासून.

पाऊण तासाने सिद्ध झालं. मृणालला डावा दिसला, आईला उजवा. काकांनाही फोनवरून ते मान्य करावं लागलं. मी पाटावरूनच म्हणालो, "उजवा म्हणजे हो. देवाने सांगितलंय, जायचं."

"तसं नाही," आई टिकल्या उचलत म्हणाली. "मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. मी विचारलं होतं, माझ्या लेकाला त्याचं त्याला ठरवता येईल का? देव म्हणतोय, येईल."

मी पाटावर तसाच उभा. लाज वाटली, खरंच वाटली. मी देवाकडे सल्ला मागत नव्हतो, जामीन मागत होतो. तिथे नीट जमलं नाही तर देवाने पाठवलं, इथेच कुढत राहिलो तर देवाने अडवलं. आईला हे कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

आतल्या खोलीत जाऊन बसलो. मृणाल शेजारी येऊन बसली. पुष्कळ विचार केला. आईला एकटीला ठेवून जाणं पटत नव्हतं, आणि तरीही, अगदी खरं सांगायचं तर, मला जायचं होतं. पाच वाजता, चांगला एक तास हातात ठेवून, मी मेल लिहिली. हो, येतो.

दहा मिनिटांत उत्तर आलं. सिंगापूरचे सहा आपल्या साडेतीन वाजताच वाजले होते. माझं काहीच कळलं नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याला विचारलं होतं, आणि त्याने लगेच हो म्हटलं होतं. कळावे.

मी बाहेर आलो. आईने तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "राहणार ना?"

"हो," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

ती आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. मजेत राहीन म्हणणारी हीच बाई.

याला आता दीड वर्ष झालं. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "एवढं सिंगापूर चालून आलं होतं. कोणी सांगितलं नाही, विचारलं नाही, आपल्या मनाने राहिला हो माझ्यासाठी." मृणाल तेव्हा खिडकीबाहेर बघते. मी चहाच्या कपात बघतो. आईला खरं काय ते सांगून टाकावं की नको, यावर रोज विचार करतोय. अजून ठरत नाहीये.