जिशो ओढायचा असतो

माझ्या मुलीने जपानी शिकायचं ठरवलं आणि तीन आठवड्यांत सोडलं. भरलेली फी परत मिळणार नव्हती, पण तिच्या जागी घरातलं दुसरं कुणी आलं तर चालेल, असं वर्गाच्या बाईंनी कळवलं. घरात दुसरं कुणी म्हणजे मी. वय बावन्न, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात सत्तावीस वर्षं गेलेली. भाषा या विषयात आपल्याला गती आहे, अशी माझी समजूत होती.

वर्ग नागपुरात, बेसा भागात, एका औषधाच्या दुकानाच्या वर. बाई सात वर्षं जपानमध्ये राहून आलेल्या. मी गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे मोबाईल एका स्टीलच्या डब्यात जमा करून घेतले आणि टेबलावर दोन जाड पुस्तकं ठेवली.

"याला जिशो म्हणतात. डिक्शनरी. शब्द अडला की 'जिशो ओ हिकु'. हिकु म्हणजे ओढणं. जपानी माणूस डिक्शनरी पाहत नाही, ओढतो."

"विडी ओढते तशी?" माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं.

"रेघ ओढतो तशी. रेघेलाही तिथं हिकुच म्हणतात. आणि सर्दी झाली तरी हिकुच."

"आजकाल तिथले लोकही फोनमध्येच पाहत असतील ना?" मागून एका इंजिनीअरने विचारलं.

"पाहतात. पण म्हणताना जिशो ओढला असंच म्हणतात."

"मंग आमचे फोन डब्यात काहून?" शेजारची पुन्हा म्हणाली. बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

ही शेजारची मुलगी काटोलकडच्या एका खेड्यातली. घरी संत्र्याची बाग, ही नागपुरात एका खासगी दवाखान्यात नर्स. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला माणसं हवी आहेत हे कळल्यावर तिने नाव नोंदवलं होतं. तिची खोली नंदनवनला होती, माझं घरही तिथलंच. त्यामुळे येता-जाता ती माझ्या गाडीवर मागे बसू लागली आणि मला काकू म्हणू लागली.

जिशो जपानी-इंग्रजी होता. तिचं इंग्रजी बेताचं. म्हणून ती शब्द शोधून काढायची, मी इंग्रजी अर्थ वाचून त्याचं मराठी करायची. मी म्हणायची, "आवश्यकता." ती विचारायची, "म्हणजे?" मी म्हणायची, "गरज." मग ती लिहून घ्यायची. एकदा मी म्हटलं, "घरी एखादा चांगला मराठी शब्दकोश ठेव."

"शब्दकोश म्हणजे?"

"जिशो," मी म्हटलं.

"मंग तसं सांगा ना."

तिने एक वही केली होती. डावीकडे जपानी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. एका शनिवारी बाई यायच्या होत्या, तोवर मी ती वही चाळायला घेतली. 'इताइ – दुखून राहिलं.' 'सामुइ – थंडी वाजून राहिली.' 'नाझे – काहून.' माझ्या पर्समध्ये लाल पेन कायम असतो. मी 'दुखून राहिलं' खोडून 'दुखत आहे' केलं, 'काहून' खोडून 'का' केलं. चार पानं तपासून झाल्यावर खाली सहीदेखील केली. मदत केल्याचं समाधान वाटत होतं.

तिने वही घेतली, पाहिली आणि मिटली. वर्ग सुटल्यावर म्हणाली, "मले जरा काम आहे. तुमी निघा." पुढच्या वेळीही तिला काम होतं, त्याच्या पुढच्या वेळीही. वर्गात ती शेजारीच बसायची, पण लिहिताना वहीवर डावा हात आडवा धरायची. तो हात मी सत्तावीस वर्षं पाहत आले आहे. मुलं उत्तर लपवतात असं मला वाटायचं. लाल पेनापासून लपवतात, हे कधी सुचलं नाही.

महिनाभराने बाईंनी क्रियापदांचं एक नवं रूप शिकवायला घेतलं. त्याचं नाव जिशोकेइ, म्हणजे डिक्शनरीतलं रूप. आतापर्यंत आम्ही 'ताबेमास' म्हणत होतो, जेवते या अर्थी. जिशोत मात्र तो शब्द 'ताबेरु' म्हणून सापडतो.

"हे रूप कुणाशी वापरायचं?" मी विचारलं. लिहिण्यासाठी, ग्रंथांसाठी, असं काहीसं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं.

"घरी," बाई म्हणाल्या. "आईशी, भावंडांशी, मैत्रिणींशी. परक्या माणसाशी बोलताना मास लावायचं."

शेजारीण लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे घरचं बोलणं डिक्शनरीत," ती म्हणाली, "आन् सभ्य बोलणं मागून शिकून लावायचं."

"तसंच."

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. ती पाहत नव्हती, हे जास्त लागलं. माझी आई शेवटपर्यंत 'काहून' म्हणायची. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मी तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून द्यायची.

त्या दिवशी मी खाली गाडीपाशी उभी राहिले. ती जिना उतरून आली आणि रिक्षा पाहू लागली.

"वही दे," मी म्हटलं.

"काहून?"

"मी खोडलेलं पुन्हा लिहून देते."

"लिहिलं मी केव्हाच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमी सही काहून केली होती, काकू? मी काय शाळेत आहे का?"

"चुकलं माझं."

"बसू का मागं?" तिने विचारलं. मी सीटवरची पिशवी पुढे घेतली.

नंतरचे तीन महिने आम्ही तयारी केली. तिच्या मुलाखतीसाठी मी तिच्याकडून आदरार्थी वाक्यं घोटून घेतली, कारण आदर हा माझा विषय होता. मुलाखत संगणकावरून झाली. जपानच्या एका वृद्धाश्रमातल्या बाईंनी तिला सांगितलं की समजा मी एक आजी आहे आणि मी जेवायला नाही म्हणते. तर ही म्हणाली, "ताबेरु?" घोटलेलं सगळं विसरून, आईला विचारावं तसं. बाहेर येऊन ती माझ्यापुढे रडली. मीही ती नापास झाली असंच मनातून धरून तिला समजावलं.

तिची निवड झाली. त्याच सुमारास आम्ही दोघींनी सगळ्यांत खालच्या पायरीची परीक्षा दिली होती. ती पास झाली आणि मी नापास. व्याकरणात मला भरपूर गुण होते, ऐकून समजण्यात जवळजवळ नव्हतेच. घरी मुलीने विचारलं, "ऐकण्यात काय अडलं?" मी म्हटलं, "फार भरभर बोलतात." ती म्हणाली, "आई, तुझ्या वर्गातली मुलंही तुझ्याबद्दल हेच म्हणतात."

जपानला जाण्याआधी माझ्या शेजारणीने बाईंकडून जुना जिशो मागून घेतला. बाईंनी तो दिला. आता वर्गात एकच उरला आहे. मी पुन्हा पहिल्यापासून शिकते आहे. शेजारी नवीन मुलगा आहे, तो डब्यात खोटा फोन ठेवतो.

गेल्या रविवारी तिचा जपानहून व्हिडिओ फोन आला. तिथल्या एका आजींना माझ्याशी बोलायचं होतं. आजी पांढऱ्या स्वेटरमध्ये, कॅमेऱ्याला नाक लावून. त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. मला एकही शब्द कळला नाही. मी दर वाक्याला वाकून "हाइ" म्हणत राहिले. आजी खूष होऊन आत गेल्या.

"काकू, तुमी हो काहून म्हटलं?" ती हसत होती. "आजी इचारून राहिल्या होत्या, एप्रिलमध्ये इकडे येता का, आन् महिनाभर राहता का."

"मग आता?"

"आता त्या कॅलेंडरवर रेघ ओढून राहिल्या."