हात बांधून केलेली चौकशी

लोकांना घटना आठवतात, मला एक दोरी आठवते. नायलॉनची, निळी, करंगळीएवढी जाड. आमच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे एका खिळ्याला ती कायम टांगलेली असायची. बेडी घालायची तर न्यायालयाची परवानगी लागते, कारणं लिहावी लागतात. दोरीला कोण विचारतंय? म्हणून आम्ही दोरी वापरायचो. खात्यात याला अनुभव म्हणतात.

सभेत माझी ओळख करून देताना लोक 'निवृत्त फौजदार' म्हणतात. चूक आहे. पस्तिशीत कोणी निवृत्त होत नसतं. मी राजीनामा देऊन बाहेर पडलो, आणि का पडलो ते सांगायला हे लिहितोय. नावं कोणाचीच देणार नाही. ज्यांची द्यायला हवीत त्यांना बढत्या मिळाल्या आहेत.

ऑक्टोबरचे दिवस होते. खराडीच्या मूळ गावातला एक शेतकरी सकाळी साडेआठला ठाण्यात आला. शेतकरी म्हणजे पूर्वीचा. आता त्याच्या जमिनीवर आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. वडील घरातून गेले ते आलेच नाहीत, अशी तक्रार.

"साहेब, म्हातारा हाय, ध्यान ऱ्हात न्हाई त्याला. सारखं रानात जातो, रानात जातो. आता रान कुठं हाय? समदं पत्र्याच्या आत गेलंय."

मी मिसिंग नोंदवून घेतली. पांढरा सदरा, धोतर, टोपी, हातात पितळी मुठीची काठी. वर्णन वायरलेसवर दिलं आणि माणसं पाठवली. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

अकराच्या सुमारास फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "एक मुका पोरगा पितळी मुठीची काठी घेऊन पळतोय. लोकांचे हात धरून ओढतोय. लवकर या, नाहीतर लोक हात साफ करतील."

आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी सुरुवात केलेलीच होती. पंचविशीचा तरुण, शर्ट फाटलेला, ओठातून रक्त. काठी छातीशी घट्ट धरलेली. आमच्याबरोबर जीपमधून आलेल्या म्हाताऱ्याच्या मुलाने काठी ओळखली आणि तो ओरडला, "माझ्या बापाचं काय केलंस?" त्यानंतर त्या तरुणाला गर्दीतून जिवंत बाहेर काढणं हेच आमचं काम होऊन बसलं. ते आम्ही केलं. त्या दिवशी मी धड केलेलं एवढं एकच.

ठाण्यात आणून अंगझडतीचा पंचनामा केला. समोर वडापावची गाडी लावणाऱ्याला पंच म्हणून बोलावलं. आमचा नेहमीचा पंच तो. एक मोजपट्टी, एक वाकडी सुई, एक रुमाल, बसचा पास, प्लॅस्टिकचं एक कार्ड. एकेक वस्तू मी सांगत होतो, हवालदार लिहीत होता. मग सगळं पाकिटात घातलं, लाख लावली, पंचाची सही घेतली. पंच काहीतरी बोलायला लागला. मी म्हणालो, "सही कर आणि नीघ. गर्दी करू नकोस."

मग त्या तरुणाचे हात मागे बांधले आणि चौकशी सुरू केली.

"आजोबा कुठे आहेत?"

तो घशातून आवाज काढायचा. खांदे उडवायचा. मान खिडकीकडे वळवायचा. मी पुन्हा विचारायचो, आवाज चढवून. ऐकू न येणाऱ्या माणसावर मी ओरडत होतो आणि वाटत होतं की आवाज कमी पडतोय!

वरिष्ठ आत डोकावले. "असे मुके खूप पाहिलेत. दोन दिल्या की गायला लागतात."

मी दिली. एकच दिली, कानाखाली. एक की दोन याने फरक पडत नाही हे मला ठाऊक आहे, पण लिहायचं तर खरं लिहावं.

एका शिपायाने सुचवलं, "साहेब, कागद-पेन देऊन बघू या का?" मी म्हणालो, "हात सोडले तर पळेल." वाक्य माझं आहे. माझ्या तोंडून गेलेलं आहे. सोडायचे होते दोन हात, ठाण्यात आम्ही होतो अकरा जण.

असे अडीच तास गेले.

दोनच्या सुमारास एक बाई ठाण्यात शिरल्या. चाळिशीच्या, सुती साडी, हातात हेल्मेट. खडकीला स्टेशनजवळ एका दुकानाच्या माडीवर त्यांच्या संस्थेच्या तीन खोल्या आहेत. ऐकू न येणाऱ्या मोठ्या माणसांना तिथे खुणांची भाषा शिकवतात, लिहायला शिकवतात, बँकेत आणि दवाखान्यात सोबत जातात. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला दिसली ती परवानगी न घेता आत आलेली एक बाई.

"आमचा विद्यार्थी इथे आहे. सोफ्याच्या दुकानात कारागीर आहे. त्याच्या खिशात एक कार्ड होतं. कुठे आहे?"

"मुद्देमालात. सीलबंद."

"वाचलंत का?"

मी टेबलावरच्या लाख लावलेल्या पाकिटाकडे बघितलं.

"आपल्याला वाचता येतं ना साहेब? सहज विचारते. त्याला लिहायला-वाचायला शिकवायला आम्हाला दोन वर्षं लागली. आपण तर परीक्षा देऊन आलेले."

"बाई, तुम्हाला इथलं कळवलं कोणी?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. दारात वडापाववाला उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने तळहात पुढे केला. सहीसाठी दिलेल्या आमच्याच पेनाने त्यावर फोन नंबर लिहिलेला होता.

"तुमचं लिहून हुईना साहेब, म्हणून कार्ड वाचत बसलो. सांगाया गेलो तर तुम्ही म्हनला, सही कर आन नीघ. मग निघालो. गाडीवरची गर्दी सरली तसा फोन लावला."

मी पाकीट फोडलं. सील फोडल्याची नोंदसुद्धा करायची राहिली. कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: 'मला ऐकू येत नाही. मी हातांनी बोलतो. कृपया माझे हात बांधू नका. खालील क्रमांकावर फोन करा.'

'कृपया' होतं त्यात.

मी बाईंना म्हणालो, "बरं, आता विचारा त्याला, म्हातारा कुठे आहे."

"आधी सोडा."

"बाई, संशयित आहे तो. नियम..."

"तोंडाला चिकटपट्टी लावून कोणाचा जबाब घेता का हो तुम्ही? मग हे काय चाललंय? सोडा. तोवर मी एक अक्षर विचारणार नाही."

गाठ मीच मारली होती, ती मलाच सुटेना. शेवटी शिपायाने चाकूने कापली. त्या तरुणाने मनगटं चोळलीसुद्धा नाहीत. हात मोकळे झाले त्या क्षणी तो बोलायला लागला, आणि इतक्या वेगाने की बाईंना दोनदा थांबवावं लागलं. हवेत उभा पत्रा. पत्र्यात फट. खाली खोल. म्हातारा. मग त्याने स्वतःच्या मांडीवर हात ठेवून काडी मोडावी तशी खूण केली.

बाई सांगत गेल्या. "बंद पडलेल्या बांधकामाचा खड्डा आहे. गिऱ्हाइकाकडे सोफ्याचं माप घ्यायला हा त्या बाजूने चालला होता. पत्र्याच्या फटीतून पितळेची मूठ चमकताना दिसली, कोणीतरी काठी हलवत होतं. हा आत उतरला. आजोबांचा पाय मोडलाय. एकट्याला वर काढता येईना. तेव्हा आजोबांनी स्वतःच काठी याच्या हातात दिली आणि गावाकडे बोट केलं. काठी बघून घरचे ओळखतील म्हणून."

घरच्यांनी ओळखली होती. बरोबर ओळखली होती.

ठाण्यापासून तो खड्डा जीपने सहा मिनिटांवर. म्हातारा उन्हात, भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेले, मांडी सुजून टम्म. सकाळपासून तो हाका मारत होता. पत्र्याला लागूनच रस्ता आहे. कानांत वायरी घातलेले, न घातलेले, शेकडो लोक तिथून ऑफिसात गेले होते. वळून बघितलं ते ज्याला हाक ऐकूच येत नव्हती त्याने.

मुलाने खाली उडी मारून बापाला मिठी मारली. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नाही. तो वर बघत होता.

"काठी दिली हुती ते पोरगं आलं का? त्याला पानी द्या कुनीतरी. लई पळालंय त्ये."

तो तरुण जीपजवळ उभा होता, फाटक्या शर्टात. मुलगा वर आला, त्याच्यासमोर थांबला, हात जोडले आणि तसेच धरून राहिला. त्या खुणेला दुभाषी लागला नाही.

संध्याकाळी वरिष्ठांनी पत्रकारांसाठी मजकूर तयार केला. 'संशयिताकडे कौशल्यपूर्ण चौकशी केली असता बेपत्ता वृद्धाचा ठावठिकाणा मिळून आला.' कौशल्यपूर्ण! मी ठाणे डायरी ओढली आणि घडलं तसं लिहिलं. निरपराध माणसाला अडीच तास हात बांधून ठेवलं. मारहाण केली, ती मी केली. ओळखीचं कार्ड न वाचता सील केलं. संस्थेच्या दुभाषी बाई आल्यावर वृद्धाचा शोध लागला.

वरिष्ठांनी वाचलं. "खोडा हे."

"ठाणे डायरीत खोडाखोड चालत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंय."

"स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतोयस."

"घेतोय."

पंधरा दिवसांत माझी बदली झाली. खातेनिहाय चौकशीही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ती एकट्या माझी झाली. दोरीची झाली नाही. तिच्या जागी नवी दोरी आली. चौकशीसाठी त्या ठाण्यात परत गेलो तेव्हा ती टांगलेली पाहिली, आणि त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला.

आता मी खडकीच्या त्या माडीवर काम करतो. लोक म्हणतात, "वा, समाजसेवा! पुण्याचं काम." ऐकलं की डोकं फिरतं. पुण्य-बिण्य काही नाही हो. जे काम सरकारच्या प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक दवाखान्यात पगारी माणसाने करायचं, ते तीन खोल्यांतले चौघे जण करताहेत, आणि त्यांनाच सरकारी दारात चपला काढून उभं राहावं लागतं, परवानगीसाठी! संस्था नसती तर कार्ड नसतं. कार्ड नसतं तर वडापाववाल्याने कोणाला फोन केला असता? आणि संध्याकाळी त्या खड्ड्यातून आम्ही प्रेत काढलं असतं, वर त्याचा खुनी म्हणून एका निरपराध माणसाला न्यायालयात उभं केलं असतं. कौशल्यपूर्वक. कौतुक नको आहे आम्हाला. प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर दुभाष्याचा नंबर हवा आहे, आणि तो वाचणारा माणूस हवा आहे. मिळेपर्यंत आम्ही येत राहणार. हाकललंत तर दुसऱ्या दिवशी येऊ.

पोलिसांसाठी आम्ही वर्ग घेतो. तो सोफा कारागीर आमचा मुख्य शिक्षक. पहिल्या वर्गाच्या आधी तालीम म्हणून त्याने मला खुर्चीवर बसवलं, माझे हात मागे घेऊन रुमालाने बांधले, ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटी उडवून विचारलं: सांग, आजोबा कुठे आहेत?

मला उत्तर माहीत होतं. मी खांदे उडवले. मान खिडकीकडे वळवली. घशातून एक आवाज आला, तो माझाच होता आणि ओळखीचा होता.

मिनिटभराने तो मागे आला. सोडवायला त्याला चाकू लागला नाही. त्याने रुमालाचं एक टोक ओढलं आणि गाठ सुटली. त्याने ती सैल मारली होती.