शामरावांच्या आरशाचे पुनर्वसन

काच फुटली की आपण ती झाडून घेतो, ओल्या फडक्याने फरशी पुसतो आणि काम संपले असे समजतो. आठ दिवसांनी कपाटाखालून पुन्हा एक तुकडा चमकतो. किस्स्यांचेही असेच असते. सगळे सांगून झाले असे वाटते आणि एखादा कोपऱ्यातून डोळे मिचकावतो. वडूजमधल्या रज्जाकभाईंच्या फ्रेमच्या दुकानात मी गेली कित्येक वर्षे दुपारचा बसतो. त्यामुळे माझ्याकडे असे तुकडे बरेच साठले आहेत.

माझे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सारे मी स्वतः वाचून मिळवले आणि हे सांगताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. गावच्या वाचनालयाचा मी मानद ग्रंथपाल आहे. मंडळी मला अण्णा म्हणतात. आमच्या बैठकीतले तिसरे सभासद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार.

रज्जाकभाईंचा एक सिद्धांत आहे. "अण्णा, माणूस रिटायर व्हतो, आरसा व्हत न्हाई!" मोडक्या कपाटाचा, भंगारातल्या ट्रकचा, पडलेल्या घराचा, कसलाही आरसा त्यांच्याकडे आला की त्याला नवी चौकट आणि नवी नोकरी मिळते.

* * *

उदाहरणार्थ, सुभेदारांचा आरसा. मूळचा तो ट्रकचा. रज्जाकभाईंनी त्याला सायकलच्या चेनची सुबक किनार लावली आणि सुभेदारांच्या फाटकावर तिरका बसवून दिला. अंगणातल्या खाटेवर पडल्या पडल्या गल्लीत कोण आले ते दिसावे, हा हेतू.

"टेहळणी चौकी झाली गड्या आमची!" सुभेदार खूष.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मंडळींच्या ध्यानात आले की स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहिले, तर त्याच आरशात कोपऱ्यावरचा वड्याचा गाडा स्पष्ट दिसतो. सुभेदारांना डॉक्टरांनी तेलकट वर्ज्य केलेले. एके दिवशी गाड्यापाशी त्यांचा मोबाईल वाजला. पलीकडून एवढेच शब्द आले :

"तिसरा हाय त्यो. ठिवा खाली!"

* * *

आता मुख्य आरशाकडे वळतो. चार फूट रुंद, अडीच फूट उंच, खालच्या एका कोपऱ्यात पारा उडालेला. हा आरसा शामरावांच्या केशकर्तनालयातला. शामराव गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, त्यामुळे दुकान बंद झाले. गाळा दसऱ्यापर्यंत रिकामा करून द्यायचा होता.

शामराव हे आमच्या गावचे एक भूषण होते. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायची आणि म्हणायचे, "मान हलवू नका." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की दुकानाबाहेरही सुटत नसे. एकदा कीर्तनात पुढे बसलेले एक गृहस्थ भक्तिरसात डोलू लागले, तर मागून शामरावांचा शांत आवाज आला, "मान हलवू नका." गृहस्थ तर थांबलेच, बुवाही थांबले!

तर एका सकाळी त्यांच्या पत्नी हौसाक्का हातगाड्यावर तो आरसा घेऊन आल्या. वाकळेत गुंडाळून आणलेला, जणू आजारी माणूसच.

"भाई, पोरगं म्हनतंय भंगारात घाल. दसऱ्याला येनार हाय, म्हनला, मीच घालतो. त्येच्या आदी ह्येला कुटंतरी कामाला लावा."

"लावू की अक्का. लय झकास सजवतो."

"नुसता सजवून उपेग न्हाई. चाळीस वर्सं मानूस ह्येच्यात बघून उठला त्यो नीट हून उठला. बघनारा सुदारला तर आरसा कामाला आला म्हनीन. न्हाईतर घालीन भंगारात. पोराच्या हातानं नगं, माज्या हातानं."

असे म्हणून त्यांनी कमरेचा बटवा उघडला, शामरावांची कात्री काढली आणि वाकळेची दोरी कापली. दुकानातले बाकी सामान त्यांनी वाटून टाकले होते. कात्री मात्र बटव्यात होती.

* * *

सजावटीचे काम रज्जाकभाईंची मुलगी रुबिना हिने हाती घेतले. तिने ब्यूटी पार्लरचा कोर्स केला आहे आणि तिच्या हाताला कला आहे. आळीतल्या बायकांकडून फुटक्या बांगड्या गोळा केल्या, पांढऱ्या सिमेंटमध्ये त्यांचे तुकडे बसवले आणि आरशाभोवती हिरवी, लाल, मोरपंखी वेल उठवली. खालच्या डागावर तिने काचेचा एक मोर बसवला. मी अनेक सचित्र ग्रंथ पाहिले आहेत, परंतु इतकी देखणी महिरप पाहिल्याचे मला स्मरत नाही.

बातमी पसरली. बायकांची रीघ लागली. परंतु प्रत्येकीची नजर काठावरच!

"ही माजी चैत्रातली!"

"आगं जा, तुजी कुटली? ही मी म्हसवडच्या जत्रंत भरलीती!"

दोघींचे एका हिरव्या तुकड्यावरून जुंपले. तासभर वाद चालला. हौसाक्का बाजूला बसून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काटाला इतकी गर्दी. मदी कोन बगतंय?"

खरोखरच, एकीनेही स्वतःचे कुंकू नीट केले नव्हते.

* * *

मग मी पुढाकार घेतला. आरसा वाचनालयात लावावा, वाचकाने ज्ञान घेताना स्वतःकडेही पाहावे, असा ठराव मी मांडला आणि तो मंजूरही झाला.

चौथ्याच दिवशी एक तपासनीस आले. घाईत होते. दारातूनच नजर फिरवली, वहीत काहीतरी टिपले, चहा घेतला आणि गेले. महिन्याने त्यांच्या अहवालाची प्रत आली. त्यात लिहिले होते, 'कपाटे आठ. वाचकांची उपस्थिती उत्तम.'

आमच्याकडे कपाटे चार आहेत. त्या दिवशी वाचक तीन होते, आणि त्यांतले एक झोपलेले.

कार्यकारिणीचे म्हणणे पडले की गप्प बसावे. मला ते पटले नाही. मी स्वहस्ते खुलाशाचे पत्र पाठवले : 'चार कपाटे प्रत्यक्ष असून उर्वरित चार प्रतिबिंबित आहेत. तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी.'

उत्तर आले! 'प्रतिबिंबित कपाटांतील पुस्तकांची यादी त्वरित सादर करावी.'

आरसा त्याच दुपारी रज्जाकभाईंकडे परत गेला.

* * *

त्यानंतर सुभेदार सरसावले. अंगणात लावतो, म्हणाले, रोज त्यात बघून व्यायाम करीन.

व्यायाम झाला, परंतु तो त्यांच्या कोंबड्याचा. आरशात दुसरा कोंबडा पाहून हा पेटला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लढत होता. आरवणे बंद, दाणे बंद. सुभेदार शेजारी उभे राहून डावपेच सांगत होते, "बगलेतनं घे रं! बगलेतनं!"

चौथ्या दिवशी कोंबडा आडवा झाला. सुभेदारांच्या मंडळींनी त्याला पाणी पाजले आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या :

"तीन दिस लढला तर बगा कसा वाळलाय. तुमी तेवीस वर्सं मिल्ट्रीत हुता, पर दर सुट्टीला जाडच हून आला!"

आरसा दुसऱ्यांदा परत आला.

* * *

दसरा जवळ येऊ लागला तशी दुकानातली चेष्टामस्करी कमी झाली. हौसाक्का रोज यायच्या, जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून आरसा पुसायच्या आणि घरी जायच्या. एकदा मी वर्तमानपत्राऐवजी स्वच्छ रुमाल पुढे केला. म्हणाल्या, "नगं अण्णा. ह्यांनी कागदानंच पुसला जलमभर."

रुबिनाचे लग्न ठरले होते. दसऱ्याच्या आदल्या रविवारी. मुलगा तासगावचा, इरफान नावाचा. त्यांच्यात निकाहानंतर जलव्याचा विधी असतो. नवरा-नवरीला शेजारी बसवून वर ओढणी धरतात, पुढे आरसा ठेवतात आणि त्यात दोघे प्रथम एकमेकांचे मुख पाहतात. नवरी डोळे मिटून असते. आग्रह झाल्यावर ती उघडते.

रुबिनाने दुकानात येऊन जाहीर केले, "अब्बा, जलव्याला ह्योच आरसा ठेवायचा. आणि तासगावला मी पार्लर काढणार, तितंबी ह्योच न्यायचा."

रज्जाकभाई हबकले. "आगं, जलव्याला हातात मावंल एवढा आरसा असतोय! ह्येच्यात नवरा-नवरी न्हाई, समदा मांडव दिसंल!"

"दिसू दे की."

सगळ्यांनी हौसाक्कांकडे पाहिले. त्यांनी बोळा खाली ठेवला.

"लग्नापुरता ने बाई. पर तासगावाचं आत्ताच बोलू नगं. त्या दिवशी कोन सुदारलं ह्येच्यात बघून, तर ने. न्हाईतर सोमवारी भंगारवाल्याला बोलीवलंय मी."

* * *

रविवारी मांडवात दोन उशांच्या आधाराने आरसा उभा केला. बांगड्यांच्या काठावर ऊन खेळत होते. ओढणी धरली गेली. भोवती बायकांचा गराडा पडला. मी व सुभेदार मर्यादेने लांब उभे होतो, परंतु आरसा चार फुटांचा असल्यामुळे आम्हांलाही सर्व दिसत होते. हौसाक्का कडेला, बटव्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

रुबिनाचे डोळे घट्ट मिटलेले. इरफान आरशात बघत राहिला. एक मिनिट गेले. दोन गेली. त्याच्या कपाळावर आठी पडली.

त्याच्या मावशीने हसत विचारले, "काय दिसलं बाबा? सांग की!"

इरफान अगदी गंभीरपणे म्हणाला, "माजी डावीकडची मिशी लांब ऱ्हायलीय."

रज्जाकभाईंनी कपाळावर हात मारला. ओढणीखाली रुबिनाचे खांदे हलू लागले, परंतु डोळे मिटलेलेच.

आणि हौसाक्का उठल्या. गराड्यातून वाट काढत त्या नवरदेवासमोर बसल्या. बटवा उघडला. कात्री दोनदा हवेत वाजवली, शामराव वाजवत तशीच. डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली.

इरफान काहीतरी बोलायला गेला.

"जावईबापू, मान हलवू नका!"

सुभेदार तर सोडाच, मीसुद्धा ताठ उभा राहिलो. साऱ्या मांडवात एक मान हलली नाही. कात्री चालली, थांबली. हौसाक्कांनी पदराने त्याचा ओठ झटकला आणि आरशासमोरून बाजूला झाल्या.

तेवढ्यात रुबिनाने, कुणीही आग्रह केलेला नसताना, डोळे उघडले. नवऱ्याकडे आरशातून नीट निरखून पाहिले आणि म्हणाली :

"अक्का, उजवीकडची बी जरा घ्या!"